छोट्या प्रोग्रॅमसाठी कुठला लिंकर? एलडी, एलएलडी आणि मोल्डचं परीक्षण

"कंपाइल होतंय, पण एरर मारालंय." बेळगावात उद्यमबागपासून मच्छेपर्यंत कुठल्याही लॅबमध्ये सी किंवा सी++चं प्रॅक्टिकल चालू असलं की हे वाक्य कानावर येतंच, आणि ते खरंही असतं. कंपाइलरने प्रत्येक फाइल आपापली तपासून तिची ऑब्जेक्ट फाइल (.ओ, म्हणजे मशीन कोड) बनवून दिलेली असते. अडतं ते पुढे, त्या फाइली एकमेकींना जोडणाऱ्या लिंकरपाशी. कंपाइलर कुठला घ्यावा यावर तासन्‌तास वाद होतात, लिंकर मात्र सिस्टीमसोबत आला तोच चालवला जातो. तोही बदलता येतो, फुकटात, एका ऑप्शनने. आणि बदलला की त्याच चुकीचा संदेश बराच वेगळा दिसतो.

इथे उबुंटू २४.०४ या लिनक्सवर मिळणारे तीन लिंकर घेतले आहेत. जीएनयू एलडी हा बिनयुटिल्स पॅकेजमधून जीसीसी या कंपाइलरबरोबर आपसूक येतो. एलएलडी (आवृत्ती १८) हा एलएलव्हीएम प्रकल्पाचा. मोल्ड (आवृत्ती २.३०) हा रुई उएयामा यांचा, सध्याच्या एलएलडीची उभारणीही मुळात त्यांचीच. शेवटच्या दोघांसाठी "सुडो एपीटी इन्स्टॉल एलएलडी मोल्ड" एवढं पुरतं. एलएलडीबरोबर एलएलव्हीएमची मोठी लायब्ररीही उतरते, त्यामुळे मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असाल तर डेटा बघून घ्या. आज्ञा इथे देवनागरीत लिहिल्या आहेत; टाइप करताना त्या अर्थातच रोमन लिपीत करायच्या.

वेग हा निकष मुद्दाम धरलेला नाही. मोल्डची ख्याती वेगाची आहे आणि मोठ्या प्रोजेक्टात ती रास्तही आहे, पण तीन-चार फाइलींच्या लॅब प्रोग्रॅमला तिन्ही लिंकर डोळ्याचं पातं लवेपर्यंत मोकळे होतात. तपासायच्या गोष्टी दोनच. संदेश वाचून चुकीच्या ओळीपर्यंत किती लवकर पोचता येतं? आणि इथे पास झालेला प्रोग्रॅम दुसऱ्या मशीनवरही पास होईल का? या दुसऱ्या प्रश्नात खरी मेख आहे.

लिंकर बदलण्याची आज्ञा अशी:

जीसीसी -जी -एफयूज-एलडी=एलएलडी मेन.सी गणित.सी -ओ हिशोब

मोल्डसाठी बरोबरच्या चिन्हापुढे मोल्ड लिहायचं. जीसीसी ९ पासून एलएलडी चालतो. मोल्डचं नाव ओळखायला मात्र जीसीसी १२ लागतं. उबुंटू २२.०४ वर जीसीसी ११ आहे, तिथे हीच आज्ञा दिली तर लिंकरच्या आधी जीसीसीच कुरकुर करतं. अशा ठिकाणी "मोल्ड -रन मेक" असं चालवा (मेक म्हणजे मेकफाइलमधल्या यादीनुसार बिल्ड करणारं साधन), म्हणजे मेक जिथे जिथे एलडीला हाक मारील तिथे मोल्ड पुढे येतो. शेवटी खरोखर कुठला लिंकर वापरला गेला याची शंका असेल तर तयार प्रोग्रॅमवर "रीडएल्फ -पी .कमेंट" चालवा. एलएलडी आणि मोल्ड दोघेही आपलं नाव आणि आवृत्ती तिथे लिहून ठेवतात.

-जी हा ऑप्शन विसरू नका. तो नसेल तर जीएनयू एलडी ".टेक्स्ट+०x१५" अशी जागा सांगतो, म्हणजे मशीन कोडच्या सुरुवातीपासून २१ बाइट पुढे, आणि हे वाचून कुणालाच काही उमजत नाही. -जी असेल तर तोच एलडी मेन.सी, ओळ ७ असं सांगतो. अर्धी डोकेदुखी इथेच संपते, लिंकर न बदलता.

आता एररकडे. सर्वांत नेहमीची "अनडिफाइन्ड रेफरन्स टू". एखाद्या फंक्शनला हाक मारली आहे, हेडरमध्ये त्याची ओळखही आहे, पण त्याचा कोड कुठल्याच ऑब्जेक्ट फाइलमध्ये किंवा लायब्ररीत सापडला नाही, एवढाच तिचा अर्थ. जीएनयू एलडी फंक्शनचं नाव आणि ते कुणी मागितलं हे सांगून थांबतो. सगळ्यात खाली "कलेक्ट२: एरर: एलडी रिटर्न्ड १ एक्झिट स्टेटस" ही ओळ येते, आणि नवखे लोक नेमकी तीच शोधत बसतात. तिच्यात काहीही नाही. लिंकर नापास झाला एवढा निरोप ती देते. वाचायचं ते तिच्या वरचं, आणि एररी पाचपंचवीस असतील तर सगळ्यात वरची.

इथे एलएलडी सरळ पुढे जातो. "अनडिफाइन्ड सिम्बॉल" आणि नाव, खाली ">>>" खुणेने ते कुठल्या फाइलच्या कुठल्या ओळीत मागितलं, आणि नाव थोडक्यात चुकलं असेल तर "डिड यू मीन" म्हणून जवळचं नाव आणि ते कुठल्या फाइलमध्ये आहे हेही. आपल्याकडे फंक्शनांना मराठी नावं रोमनमध्ये द्यायची सवय आहे. एकीकडे बेरीज शेवटी "जे" घालून लिहिलेलं, दुसरीकडे "झेड" घालून. एलएलडी हे लगेच पकडतो. एक अक्षर बदललेलं, गळलेलं, जादा पडलेलं, दोन अक्षरं उलटसुलट झालेली, किंवा छोट्या-मोठ्या लिपीचा फरक, एवढं तो ओळखतो. मेन लिहिताना आय आणि ए ची अदलाबदल झाली तरी सांगतो. एकाने "आय" लिहून ऱ्हस्व आणि दुसऱ्याने दोनदा "ई" लिहून दीर्घ केलं की दोन अक्षरांचा फरक पडतो आणि तो गप्प बसतो. आणि जोडीने केलेल्या प्रोजेक्टात एकाने हेडरमध्ये बेरीज लिहिलं, दुसऱ्याने आपल्या फाइलमध्ये त्याच कामाला कन्नडमधून कूडिसु म्हटलं, तर कुठलाच लिंकर मदतीला येणार नाही. तेवढं आपसात ठरवून घ्यावं लागेल. मोल्डचा संदेश रचनेने एलएलडीसारखाच सुटसुटीत, पण नाव सुचवण्याच्या भानगडीत तो पडत नाही.

नाव बरोबर असूनही हीच एरर येत असेल तर कारण बहुधा एडिटरमध्ये असतं, लिंकरमध्ये नव्हे. व्हीएस कोडमधलं तयार "बिल्ड ॲक्टिव्ह फाइल" हे टास्क समोर उघडलेली एकच फाइल कंपाइल करतं, शेजारची गणित.सी त्याच्या गावीही नसते. टास्क्स.जेसन उघडून "फाइल" या व्हेरिएबलच्या जागी "फाइलडिरनेम" आणि पुढे तिरकी रेघ, तारा, टिंब सी असं करा, म्हणजे त्या फोल्डरमधल्या सगळ्या सी फाइली जातील. मात्र एका फोल्डरमध्ये दहा प्रॅक्टिकलच्या दहा फाइली आणि प्रत्येकीत मेन असेल तर "मल्टिपल डेफिनेशन ऑफ मेन" ही नवी एरर येईल. तेव्हा दर प्रॅक्टिकलला वेगळा फोल्डर. कोड::ब्लॉक्समध्ये प्रोजेक्ट न बनवता सुटी फाइल उघडली तरी हेच होतं. प्रोजेक्ट असेल तर फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, तिथे बिल्ड टॅबमध्ये डीबग आणि रिलीज या दोन्हीवर टिक आहे का बघा.

टर्बो सीच्या जुन्या वहीतून उतरवलेले प्रोग्रॅम ही वेगळी जात. क्लिअर स्क्रीनचं सीएलआरएससीआर हे फंक्शन मिनजीडब्ल्यूच्या (म्हणजे विंडोजवरच्या जीसीसीच्या) कोनिओ हेडरमध्ये नाही. गेटसीएच आहे, त्यामुळे लोकांना वाटतं हेही असेल. जीसीसी १३ पर्यंत सीमध्ये न ओळखलेलं फंक्शन केवळ वॉर्निंगवर सुटायचं आणि एरर लिंकरच्या गळ्यात पडायची. २०२४ मध्ये आलेल्या जीसीसी १४ पासून कंपाइलरच तिथे अडवतो. उबुंटू २४.०४ वर अजून १३ आहे, म्हणून वॉर्निंग वाचायची सवय लावा. -वॉल लावा आणि "इम्प्लिसिट डिक्लरेशन" दिसलं की तिथेच थांबा, लिंकरपर्यंत जाऊच नका.

आता मुद्द्याचं: लायब्ररींचा क्रम. समजा गणित.ओ वरून स्थिर लायब्ररी (ऑब्जेक्ट फाइलींचा गठ्ठा, .ए) केली, "एआर आरसीएस लिबगणित.ए गणित.ओ". मग जोडताना मोठा एल आणि टिंब (लायब्ररी याच फोल्डरमध्ये शोध), छोटा एल आणि गणित (लिबगणित हवी), आणि त्यानंतर मेन.सी अशी आज्ञा दिली. छोटा एल नावासाठी, मोठा एल फोल्डरसाठी. ही अदलाबदलही रोजची. जीएनयू एलडी ही यादी डावीकडून उजवीकडे एकदाच वाचतो. लायब्ररीपाशी आला की त्या क्षणी कुठली फंक्शनं हवी आहेत तेवढं बघतो, लागतील तेवढे तुकडे काढतो आणि पुढे निघतो. बेळगाव–खानापूर बसच्या कंडक्टरचा हिशेब हाच: थांब्यावर जो उभा आहे त्याला घ्यायचं, मागून पळत येणाऱ्यासाठी गाडी उलटी फिरत नाही. लायब्ररी आधी आली तेव्हा मेन अजून वाचलेलाच नव्हता, कुणी काही मागितलं नव्हतं, म्हणून काहीच उचललं गेलं नाही. मग मेन आला, बेरीज मागितली, आणि एरर.

तीच आज्ञा एलएलडीला किंवा मोल्डला द्या: मुकाट्याने पास. हे दोघे लायब्ररीत काय काय आहे ते लक्षात ठेवतात आणि नंतर कुणी मागितलं तर मागे जाऊन काढतात. वापरायला फार सोयीचं. पण घरी एलएलडीवर पास झालेली मेकफाइल पेनड्राइव्हवरून लॅबमध्ये नेली आणि तिथे नुसता जीएनयू एलडी असला तर ती परीक्षकासमोर आडवी होणार. या परीक्षणात एलएलडीचे गुण कापले जातात ते इथेच, आणि मोल्डचेही. उलट एलडीचा हेकेखोरपणा इथे उपयोगाचा: त्याच्यावर जो क्रम चालतो तो या दोघांवरही चालतो.

एलएलडीने यावर तोड ठेवली आहे: -डब्ल्यूएल, त्यानंतर स्वल्पविराम आणि --वॉर्न-बॅकरेफ्स. यात जागा सोडायची नाही. मग मागे जाऊन तुकडा काढावा लागला की तो "बॅकवर्ड रेफरन्स डिटेक्टेड" असा इशारा देतो, कुणी मागितलं आणि कुठून काढलं या दोन्हीसह. एलएलडी रोज वापरणार असाल तर हा ऑप्शन मेकफाइलमध्ये कायमचा घाला. तो स्थिर लायब्ररींपुरताच आहे, .एसओ फाइलींच्या (प्रोग्रॅम चालवताना जोडल्या जाणाऱ्या लायब्ररींच्या) क्रमाबद्दल तो काही बोलत नाही.

आणि .एसओचाही क्रम उबुंटूवर महत्त्वाचा ठरतो. उबुंटूचं जीसीसी लिंकरला --ॲज-नीडेड हा ऑप्शन न विचारता देतं: लागली तरच लायब्ररी घ्या. त्यामुळे गणिताची -एलएम ही लायब्ररी मेन.सीच्या आधी लिहिली तर एलडी तिला बिनकामाची समजून सोडून देतो आणि एसक्यूआरटी (वर्गमूळ) सापडत नाही म्हणतो. डेबियनवर तीच ओळ चालते. नियम एकच पाळा: आधी आपल्या फाइली, मग लायब्ररी, आणि लायब्ररींमध्येही जी दुसरीवर अवलंबून आहे ती आधी. दोन लायब्ररी एकमेकींवर अवलंबून असतील तर --स्टार्ट-ग्रुप आणि --एंड-ग्रुपच्या मध्ये टाका.

-एलएमची आणखी एक खोडी. एसक्यूआरटीला थेट २.० दिला तर जीसीसी उत्तर कंपाइल करतानाच काढून टाकतं, लायब्ररी लागतच नाही. तोच आकडा वापरकर्त्याकडून घेतला की एरर. "काल तर चालत होतं" म्हणतात ते यामुळे. विंडोजवर मिनजीडब्ल्यूला -एलएम लागत नाही, लिनक्सवर लागते. थ्रेडचं उलटं: लिनक्सची मुख्य सी लायब्ररी जीलिबसी, तिच्या २.३४ (२०२१) आवृत्तीपासून पीथ्रेड तिच्यातच मिसळली आहे, म्हणून उबुंटू २२.०४ वर -एलपीथ्रेडशिवाय भागतं आणि २०.०४ वर अडतं. गणिताची लायब्ररी मात्र अजून वेगळीच आहे.

"मल्टिपल डेफिनेशन" ही एरर लॅब आणि घर यांच्यातल्या फरकाची आणखी एक निशाणी. हेडरमध्ये "इंट काउंट;" लिहिलं आणि ते हेडर दोन सी फाइलींत घेतलं, तर कोड::ब्लॉक्स २०.०३ सोबत येणाऱ्या जीसीसी ८.१ वर काही होत नाही. जीसीसी १० (२०२०) पासून नियम कडक झाला आणि उबुंटू २४.०४ वर तोच प्रोग्रॅम अडतो. हेडरमध्ये "एक्सटर्न इंट काउंट;" आणि कुठल्याही एकाच सी फाइलमध्ये खरा "इंट काउंट;", हा कायमचा उपाय. -एफकॉमन लावून वेळ मारून नेता येते, पण ती फक्त वेळ मारणंच. हेडर गार्ड लावून ही चूक जात नाही, कारण गार्ड एका फाइलच्या आतलं दुबार घेणं थांबवतो, दोन वेगळ्या फाइलींतलं नव्हे. संदेशात तिघेही दोन्ही फाइली सांगतात. एलएलडी त्या ओळीओळीने मांडतो, मोल्ड एकाच ओळीत कोंबतो.

सी++मध्ये एलएलडी पुन्हा वरचढ. व्हर्च्युअल फंक्शन जाहीर केलं आणि त्याचा कोड लिहायचा राहिला, तर जीएनयू एलडी "अनडिफाइन्ड रेफरन्स टू व्हीटेबल फॉर" आणि क्लासचं नाव एवढंच म्हणतो. ज्याला व्हीटेबल (क्लासच्या व्हर्च्युअल फंक्शनांचा तक्ता) काय ते ठाऊक नाही त्याला याचा काडीचाही उपयोग नाही. एलएलडी खाली खुलासा देतो की क्लासचं की फंक्शन राहिलेलं असावं. म्हणजे क्लासमधलं पहिलं असं व्हर्च्युअल फंक्शन जे शुद्ध व्हर्च्युअल नाही आणि क्लासच्या आतच लिहिलेलं नाही. ते लिहा, एरर जाते. तसंच सीमध्ये लिहिलेलं फंक्शन सी++मधून बोलावताना एक्सटर्न "सी" राहिलं, तर तेही तो सुचवतो. जीएनयू एलडीवर हे स्वतः ओळखायचं असेल तर कंस बघा: संदेशात नावापुढे कंसात इंट, इंट असं दिसलं तर मागणी सी++ची आहे. मग ऑब्जेक्ट फाइलवर एनएम ही तिच्यातली नावं दाखवणारी आज्ञा चालवा. तिथे तेच नाव "टी" या अक्षरापुढे नुसतं, काही न चिकटता दिसलं, तर कोड सीचा आहे. "यू" असेल तर तिथेही ते फक्त मागितलंय, दिलेलं नाही. आणि एसटीडी::सीआउट सापडत नाही असं आलं तर फार शोधू नका, जीसीसीऐवजी जी++ने जोडा.

जीएनयू एलडी संदेशातही एका ठिकाणी सरस आहे आणि ते इथल्या विद्यार्थ्यांच्या नेमकं कामाचं. व्हीटीयूच्या (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या) कॉम्प्युटर ग्राफिक्सच्या प्रॅक्टिकलला ओपनजीएल आणि ग्लट या चित्रं काढायच्या लायब्ररी लागतात. फक्त -एलग्लट दिलं आणि जीएल-एंडसारखी फंक्शनं वापरली, तर एलडी "डीएसओ मिसिंग फ्रॉम कमांड लाइन" (डीएसओ म्हणजे .एसओ लायब्ररी) म्हणतो आणि त्याच ओळीत लिबजीएल.एसओ.१ या फाइलचं नावही देतो. म्हणजे काय जोडायचं ते समोरच आलं: -एलग्लट -एलजीएलयू -एलजीएल (शेवटच्या दोघांतली जी, एल, यू मोठ्या लिपीत). एलएलडी त्या आतल्या लायब्ररीत डोकावत नाही, नुसतं सिम्बॉल नाही म्हणतो. "कॅनॉट फाइंड -एलग्लट" आलं तर डेव्हलपमेंट पॅकेज नाही, फ्रीग्लट३-डेव्ह टाका. .एसओ.३ असं शेपूट असलेली फाइल मशीनवर असली तरी ती चालवण्यापुरती असते, जोडायला शेपटाविना .एसओ लागते, ती या पॅकेजातून येते.

जुन्या .ओ फाइली पेनड्राइव्हवरून फिरवू नका. ३२ बिटवर बनलेली असली तर "इनकम्पॅटिबल", विंडोजवर बनलेली असली तर फॉरमॅटच वेगळा, आणि जुन्या पद्धतीने बनलेली असली तर "रीकंपाइल विथ -एफपीआयई". तिन्हींना औषध एकच, .ओ पुसून सीपासून पुन्हा कंपाइल करणं.

तर निकाल: रोजच्या कामाला एलएलडी, सोबत --वॉर्न-बॅकरेफ्स. जमा करायच्या आधी एकदा -एफयूज-एलडी न लावता, साध्या जीएनयू एलडीने सगळं पुसून नव्याने बिल्ड. संदेशाच्या स्पष्टतेत एलएलडी पाचपैकी साडेचार, एलडी तीन, मोल्ड साडेतीन. लायब्ररीच्या क्रमाची खबरदारी घेण्यात एलडी पाच, ऑप्शनसकट एलएलडी चार, मोल्ड दोन. छोट्या प्रोग्रॅमसाठी मोल्ड मुद्दाम टाकण्यात अर्थ नाही. प्रोजेक्ट वाढला, फाइली शेकड्यांत गेल्या की बघू. जुन्या ट्यूटोरियलमध्ये गोल्ड नावाचा चौथा लिंकर सुचवलेला असतो. २०२५ च्या बिनयुटिल्स २.४४ पासून तो मुख्य संचातून बाहेर काढलाय, त्याच्या वाटेला जाऊ नका.

विंडोजवरच असाल तर मोल्डचा प्रश्नच उरत नाही, तो तिथले .ईएक्सई बनवत नाही. एलएलडी एमएसवायएस२ या विंडोजवरच्या साधनसंचातून टाकता येतो. मात्र तिथल्या दोन एररी लिंकर बदलून जाणार नाहीत. "विनमेन" सापडत नाही म्हणजे तुमच्या प्रोग्रॅमला मेन नाही, किंवा मेन असलेली फाइल बिल्डमध्ये गेलीच नाही. आणि "कॅनॉट ओपन आउटपुट फाइल, परमिशन डिनाइड" म्हणजे मागच्या वेळचा प्रोग्रॅम अजून चालूच आहे. बहुधा काळ्या खिडकीत स्कॅनएफ कुणीतरी आकडा टाकायची वाट बघत बसलेला असतो. ती खिडकी बंद करा, सापडली नाही तर टास्क मॅनेजरमधून तो .ईएक्सई मारा आणि पुन्हा बिल्ड करा.